नवव्या विभागाची हवा

८ फेब्रुवारी

अखेर तक्ता पुरा झाला. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात आजवर कुणी ही उठाठेव केली नव्हती. दरवर्षी सगळ्या शहराचा मिळून एक आकडा काढायचा, हजार माणसांमागे तेहेतीस मेली, की छापून मोकळे. हे म्हणजे दहा रोग्यांना एका रांगेत उभं करून सगळ्यांचा मिळून एकच ताप सांगण्यासारखं झालं. मी शहराचे दहाही विभाग वेगळे केले, प्रत्येकाची शिरगणती घेतली, प्रत्येकातल्या गेल्या वर्षीच्या मृत्यूंच्या नोंदी मोजल्या आणि भागाकार केला. खात्याच्या वेळेत नव्हे, जेवणाच्या सुट्टीत. कचेरीतले म्हणतात, "मेलेल्यांची मोजदाद केल्याशिवाय ह्याला घास गिळत नाही." म्हणोत बापडे.

निकाल असा: सातवा विभाग सगळ्यांत वाईट, दर हजारी एक्कावन्न. नववा सगळ्यांत उत्तम, दर हजारी तेरा. पुलापलीकडचा, गिरण्यांच्या धुराखालचा, ज्याचं नाव काढलं की लोक नाकं मुरडतात तो नववा!

सातव्यात मोठं इस्पितळ आहे हे मी विसरलेलो नाही. पण इस्पितळ माणसं बरी करायला असतं. दाराशी इस्पितळ असून जिथं इतकी माणसं मरतात, तिथली हवा किती वाईट असेल!

आम्ही सातव्यातच राहतो. आमचा मुलगा तिथंच गेला, नुकता चालायला लागला होता. त्यानंतरची मुलगी महिनाभरही राहिली नाही. आता ही पुन्हा दिवसांत आहे, जुलैत बाळंत होईल. या खेपेला मूल जगलंच पाहिजे. लोक नशीब नशीब म्हणतात. नशीब म्हणजे कुणी न केलेला भागाकार. मी तो केला आहे. आम्ही नवव्यात राहायला जाणार.

११ फेब्रुवारी

घरात जाहीर केलं. मुलगी गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनी ऐकलं आणि हातातली परडी खाली ठेवली.

"जावईबापू, त्या भागातून जाताना नाकाला पदर लावावा लागतो."

"वास दर हजारी मोजता येत नाही, सासूबाई."

"मोजायचा कशाला? नाक आहे की."

अशा माणसाशी वाद काय घालणार. हिनं परडी उचलून फळीवर ठेवली. मग तिनं एवढंच विचारलं, "तुमची खात्री आहे ना?"

"खात्री कसली, गणित आहे."

"मग जाऊ."

गेली दोन वर्षं मला धड झोप नाही. पाळणा हलतोय असं वाटून दचकून जागा होतो. तक्ता पुरा झाला त्या रात्री मी सकाळपर्यंत सलग झोपलो. झोपेत "तेरा, तेरा" म्हणत होतो म्हणे. ही सांगताना हसली. तिला हसताना पाहून फार बरं वाटलं.

१ मार्च

बिऱ्हाड हललं. दोन खोल्या, पुढे गॅलरी, खाली अंगणात विहीर. जागा मिळायला काहीच यातायात पडली नाही. त्याच इमारतीत आणखी तीन बिऱ्हाडांच्या जागा रिकाम्या होत्या. शेजारच्या बाई लोकांचे कपडे इस्त्री करून देतात, दिवसभर दाराशी टेबल मांडून उभ्या असतात. बोलक्या आहेत. आमच्या आधी इथं कोण राहायचं, असं मी त्यांना विचारलं.

"विणकर होता एक. बायको, दोन पोरं."

"मग गेली कुठं?"

"हवापालटाला."

"सगळीच?"

"एकामागून एक," त्या म्हणाल्या, आणि इस्त्रीत कोळसे भरायला आत गेल्या.

त्यांचे यजमानही हवापालटाला गेले आहेत. दोन वर्षं झाली. इतकी लांब रजा देणारा मालक मिळायला भाग्य लागतं. मला तर साध्या चार दिवसांसाठी साहेबांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

मी आरोग्य खात्यात आहे म्हटल्यावर मात्र बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे कुलपाच्या खात्यात?" इथले लोक आम्हाला कुलपाचं खातं म्हणतात. नियम असा आहे की, घरात कुणी तापानं दगावलं की ती जागा मृत्यूपासून महिनाभर कुलूपबंद करायची, अंथरूण-पांघरूण जाळायचं, भिंतींना चुना मारायचा. नियम कडक आहे, पण शास्त्राला धरून आहे. मी बाईंना धीर दिला, "घाबरू नका. तुमच्या विभागात गेल्या वर्षी आम्हाला जेमतेम चार कुलपं लागली."

"हो. आम्ही काळजी घेतो," त्या म्हणाल्या.

लोकांना अशी जाणीव असली की निम्मं काम होतं.

१० मार्च

इथल्या लोकांना हवापालटाचं भारी वेड आहे. उजाडता उजाडता गल्लीत हातगाडी येते. गाडीवर गादी, गादीवर आजारी माणूस, अंगावर पांढरी चादर, बरोबर घरची दोघं-तिघं, आणि निघाले पुलाच्या दिशेनं. आमच्या जुन्या भागात आजारी माणूस एकाच कोपऱ्यात खितपत पडायचा. आज गाडीवर एक म्हातारी होती. मी गॅलरीतून हात करून म्हटलं, "लवकर बऱ्या होऊन या, आजी!" तिच्या लेकानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवी हासडली. सकाळी सकाळी काही लोकांचं डोकं ठिकाणावर नसतं.

अहवालात एक परिच्छेद वाढवला: "नवव्या विभागातील रहिवाशांची हवापालटाची सवय". इतर विभागांनी तिचं अनुकरण करावं अशी शिफारसही केली. चांगला उतरला आहे.

घरात सासूबाईंनी मात्र वात आणलाय. विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय कुणाला घोटभर पिऊ देत नाहीत. दिवसभर चूल, घरभर धूर, आणि हिचे डोळे लाल. "पाण्याला रंग आहे," म्हणतात. मी पेला उजेडात धरून पाहिला. रंग होता, नाही असं नाही, पण किंचित. शेवटी तक्ता काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"दर हजारी तेरा, सासूबाई! अख्ख्या शहरात याहून चांगलं पाणी कुणी पीत नसेल. पोटुशा बाईला धूर वाईट. उद्यापासून उकळणं बंद."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. ही म्हणाली, "राहू दे, आई. ते सांगताहेत ना."

२७ मार्च

आजचा दिवस सोन्याचा. आमचे साहेब, म्हणजे आरोग्य अधिकारी, बाहेरदेशी शिकून आलेले डॉक्टर आहेत. तोंडातून शाबासकी निघायची म्हणजे दाढ उपटल्यासारखं करतात. आज त्यांनी चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारली.

त्याचं कारण असं की डोंगरातल्या तलावाचं पाणी नळानं शहरात आणायचं ठरलं आहे. तूर्त एकाच विभागाला पुरेल एवढं काम होणार. कोणता विभाग, ते १२ मेच्या सभेत ठरेल, आणि ते माझ्या तक्त्यावरून ठरेल! पहिला मान सातव्याचा. नववा सगळ्यांत शेवटी, दहा-बारा वर्षांनी केव्हातरी. तक्ता छापायला गेला.

घरी येताना इस्त्रीवाल्या बाईंनाही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे आमच्याकडे नळ नाही?"

"तुम्हाला गरजच काय? तुमची तब्येत शहरात एक नंबर आहे."

त्या हसल्या. हसणं थांबेना त्यांचं. तोवर इस्त्रीखालचा सदरा करपला. गिऱ्हाईक काय म्हणेल याची त्यांना काही फिकीर दिसली नाही.

हिनं जेवताना विचारलं, "अहो, ही माणसं परत कधी येतात?"

"कोणती?"

"हवापालटाची."

"बरी झाली की येतील."

"मी एकही परत आलेलं पाहिलं नाही."

"तू दिवसभर घरात. तुला कसं दिसणार?"

ती काहीतरी बोलणार होती. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दमलात तुम्ही. पडा जरा." हल्ली ती माझी फार काळजी घेते.

१७ एप्रिल

हिला ताप आहे. ऊन फार आहे, त्याचाच असणार. सासूबाईंनी न विचारता पाणी उकळायला सुरुवात केली आहे. मी चालू दिलं.

२१ एप्रिल

घाईत लिहितोय. अक्षर बिघडेल. बिघडू दे.

ताप चढतच गेला. आज सकाळी दारात हातगाडी उभी. इस्त्रीवाल्या बाई धुतलेली, कडक इस्त्रीची चादर घेऊन आत आल्या. "दादा, गाडी सांगितलीय. चला, उशीर नको."

"कसली गाडी?"

"पुलापलीकडे न्यायला."

"अहो बाई, हिला उठून बसवत नाही आणि तुम्हाला हवापालट सुचतोय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी मान खाली घातली. बोलली ती ही, अंथरुणातून, डोळे मिटलेलेच होते.

"अहो, हवापालट म्हणजे इस्पितळ. माणूस हाताबाहेर गेलं की ही लोकं त्याला पुलापलीकडे नेऊन ठेवतात. जीव तिथं गेला की इथं कुलूप लागत नाही. मागे राहिलेल्यांना घर राहतं."

"आणि ती माणसं..."

"कुणी परत येत नाही."

मी विचारलं, तुला हे कधीपासून ठाऊक आहे. म्हणाली, नळाची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून; बाईंनी सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण तुम्ही इतक्या दिवसांनी झोपायला लागला होतात. बाळंत होईस्तोवर थांबू म्हटलं."

एका क्षणात सगळी बेरीज उलटीपालटी झाली. ते तेरा म्हणजे जे तापाशिवाय गेले, किंवा ज्यांना हलवायला वेळच मिळाला नाही ते. बाकीचे सगळे सातव्याच्या नावावर चढले, कारण प्राण तिथं गेला. आणि पाणी उकळणं मी बंद केलं. दुसऱ्या कुणी नाही, मी. तक्ता नाचवून.

आधी तळपायाची आग मस्तकात गेली ती बाईंवर. "इतकी वर्षं सगळी गल्ली मूग गिळून बसलात!" बाई शांतपणे चादर उलगडत म्हणाल्या, "भांडायचं ते नंतर भांडा. बाकीचे अगदी शेवटी नेतात, आधीच नेलं तर डॉक्टर पत्ता विचारील म्हणून भितात. तुम्ही तर स्वतःच कुलूपवाले. तुम्हाला कुणाची भीती? वेळेत न्या, वाचेल ती."

गाडीच्या एका बाजूला मी, एका बाजूला सासूबाई. पूल ओलांडताना ही मला म्हणाली, "गचके बसताहेत हो, जरा हळू." मी गाडीवाल्याला हळू म्हटलं, आणि रडायला लागलो. भर रस्त्यात. लोक बघत होते.

२८ एप्रिल

मुदतीचा ताप आहे, म्हणजे विषमज्वर. डॉक्टर नीट सांगत नाहीत. बाळ हलतंय, असं ही सांगते.

मी रजा घेतली आहे. साहेबांनी नाही म्हटलं, तरी घेतली. दिवसभर इस्पितळाच्या व्हरांड्यात बसतो. तिथं कोपऱ्यात मृत्यूंची नोंद करणारा कारकून असतो. दर नोंदीला उसासा टाकतो म्हणून त्याला सगळे सुस्कारा म्हणतात. नाव, वय, कारण, आणि विभाग म्हणून डोळे मिटून "सातवा". मी म्हटलं, "अरे, ते आले कुठून हे तरी विचारशील?" तो म्हणाला, "नियम आहे. जिथं प्राण गेला तो विभाग." आणि सुस्कारा.

मग मीच विचारायला लागलो. व्हरांड्यात बसलेल्या एकेकाला, "कुठून आलात?" सगळे म्हणणार, "इथलेच." एकाच्या पायांना गिरणीचा कापूस चिकटला होता, तोही इथलाच. दोन दिवस असेच गेले. मग मी पद्धत बदलली. आधी स्वतःचं सांगायचं: मी नवव्यातला, बायको आत आहे, हातगाडीवरून आणली. एवढं म्हटलं की समोरचा आपणहून सरकून जवळ बसतो. मी नाव विचारत नाही, घर विचारत नाही. फक्त विभाग. कुणाच्या दाराला कुलूप लागणार नाही असा शब्दही देऊन टाकतो. तो द्यायचा मला काय अधिकार? काहीच नाही. पण दिलाय.

रोग्याच्या घरच्यांनी विभाग सांगितला की कागदावर रेघ ओढतो. नवव्याच्या ओळीत रेघांवर रेघा चालल्या आहेत. हा तक्ता मी मागे घेणार. नोकरी गेली तरी बेहत्तर.

३ मे

साहेबांपुढे गेलो. सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता लाल झाले.

"तक्ता छापून झाला. सभासदांच्या हातात पडला. आणि आता तुम्ही म्हणता तो उलटा धरा?"

"हो, साहेब."

"पुरावा?"

मी रेघांचा कागद पुढे केला.

"नाव नाही, पत्ता नाही. या काड्या दाखवल्या तर सभेत मला वेड्यात काढतील. पत्ते द्या."

"पत्ते दिले तर तुम्ही कुलपं लावाल."

"अर्थात. नियम माझाच आहे."

"म्हणून तर लोक लपवतात. आपल्या कुलपांनीच आपला तक्ता खोटा पाडलाय, साहेब."

साहेबांसमोर एवढ्या मोठ्या आवाजात मी कधी बोललो नव्हतो. बाहेरच्या खोलीतल्या टाकांचे आवाज थांबले. साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माणूस वाईट नाही. मग म्हणाले, "खऱ्या पत्त्यासकट, घरच्या माणसाच्या सहीनिशी नोंदी आणा. इस्पितळात मेलेल्यांच्या, नवव्यातल्या. मग मी सभेत तोंड उघडतो. एक तरी आणून दाखवा."

परत व्हरांड्यात आलो. एकेकाला विनवलं. सगळे सरकून लांब बसले. त्यांचं काय चुकलं? पत्ता दिला की महिनाभर पोराबाळांसकट रस्त्यावर. मी तरी दिला असता का?

८ मे

मुलगी झाली होती, परवा. दिवस भरले नव्हते. आज दुपारी गेली. मुठी घट्ट आवळलेल्या होत्या.

हिचा ताप उतरला आहे. डॉक्टर म्हणतात, ही वाचेल. मी त्यांचे आभार मानायचे विसरलो.

आणखी लिहवत नाही.

९ मे

सुस्काऱ्यासमोर उभा राहिलो. त्यानं माझ्याकडे न बघता वय लिहिलं, कारण लिहिलं, आणि विभागाच्या जागी "सा" लिहिला.

"नववा लिही," मी म्हटलं.

"नियम..."

"नववा लिही. खाली घराचा पत्ता लिही. मी सही करतो."

तो वर बघायला लागला. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसलं मला. म्हणाला, "ती जन्मली इथं, गेली इथं. नवव्यात एक दिवस तरी राहिली का? तुम्हीच सांगा, तुम्ही हिशेबातले."

  सगळा जन्म अशाच प्रश्नांत गेला, आणि मी नुसता उभा. माझ्यामागे सात-आठ माणसं खोळंबली होती. मी आत हिच्याकडे गेलो आणि तो काय म्हणतो ते तिला सांगितलं. ती खूप अशक्त आहे, पण आवाज स्पष्ट होता.

"त्या विहिरीचं पाणी मी प्याले, म्हणजे तीही प्याली. तिथलंच पाणी पिऊन गेली ना ती? मग तिथलीच."

बाहेर येऊन मी म्हटलं, "आई राहते तिथलं मूल. लिही."

"असा नियम नाही."

"आजपासून आहे."

त्यानं खोडून नववा लिहिलं. पूर्ण पत्ता लिहिला, इमारत, मजला, खोली. मी सही केली. तो हळूच म्हणाला, "तापाची नोंद आहे. तुमच्या दाराला कुलूप लागेल."

"लागू दे. खात्याला चिठ्ठी मीच पाठवतो."

मागची माणसं ऐकत होती. त्यांच्यातल्या कुणी पत्ता दिला नाही. पण आज कुणी माझी नजरही चुकवली नाही.

१० मे

आमच्या दाराला कुलूप लागलं. खात्यातलेच दोघं आले होते, रोज माझ्याबरोबर डबा खाणारे. त्यांची मान वर होईना. मीच कुलूप घेतलं आणि लावलं. अंगणात आमच्या गाद्या, पांघरुणं आणि बाळासाठी शिवून ठेवलेल्या दुपट्यांची चळत, सगळं जाळलं. अख्खी गल्ली जमली होती. कुणीतरी म्हणालं, "कुलूपवाल्यालाच कुलूप!" एकजण हसला, मग दुसरा, आणि मग मलाही हसू फुटलं. 

इस्त्रीवाल्या बाईंनी सासूबाईंचं बोचकं उचलून आपल्या घरात नेलं. चहा दिला. मग उभ्या उभ्याच म्हणाल्या, "दादा, आमच्या ह्यांचंही तसं लिहून घेता येईल का? दोन वर्षं झाली. इस्पितळाच्या वहीत ते सातव्यातले म्हणून पडलेत. जन्मात कधी सातव्यात राहिले नव्हते ते."

"अहो, तुमच्याही दाराला कुलूप..." आणि मी तिथंच थांबलो. मृत्यूपासून महिनाभर! नियम तोंडपाठ आहे मला. महिना उलटला की कुलूप लावायचा खात्याला अधिकारच नाही. आणि माझा तक्ता कुठल्या मृत्यूंचा? गेल्या वर्षीच्या! त्यातल्या एकाच्याही घराला आता कुणी हात लावू शकत नाही.

मी ओरडूनच सांगितलं. गॅलरीतल्यांनाही ऐकू गेलं. सासूबाई म्हणाल्या, "हे दोन दिवस आधी सुचलं असतं जावईबापू, तर गाद्या वाचल्या असत्या."

मला वाटतं, नसत्या वाचल्या. कालपर्यंत मी हे ओरडून सांगितलं असतं, तर खरं कुणी मानलं असतं? कुलूपवाल्याच्या तोंडचं?

११ मे

सकाळी इस्पितळाचं दार उघडायच्या आत रांग लागली होती. सगळ्यांत पुढे इस्त्रीवाल्या बाई. त्यांची नोंद दोन वर्षांपूर्वीची, माझ्या तक्त्यात ती बसत नव्हती. मी सांगितलं, तरी हलेनात. "तुमच्या कामाचं नसलं तरी खरं ते लिहा," म्हणाल्या. सुस्काऱ्यानं लिहिलं.

मग विणकराचा भाऊ आला, चौघांच्या नोंदी सांगायला. मग जिला मी गॅलरीतून हात केला होता त्या म्हातारीचा लेक आला. तिचा मृत्यूही या वर्षीचा, तोही तक्त्यात नाही. पण महिना उलटलेला, म्हणून तोही आला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्हाला काय ठाऊक." मग बायका, गिरणीतली माणसं, रांग दारापर्यंत. जुनी नोंद शोधायची, पत्ता घालायचा, सही किंवा अंगठा. कुणी रडलं नाही. मी हात दुखेपर्यंत लिहीत होतो. सुस्काऱ्यानं दिवसभरात एकदाही उसासा टाकला नाही.

१२ मे

नवा तक्ता साहेबांच्या हातात सभेआधी तासभर दिला. नववा, दर हजारी अठ्ठावन्न. सातवा, सव्वीस. साहेबांनी सह्यांचा गठ्ठा चाळला, पाणी मागितलं, पेल्याकडे बघितलं आणि न पिताच खाली ठेवला.

सभेत मी मागच्या बाकावर होतो. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "छापलेला तक्ता चूक आहे. चूक माझ्या खात्याची आहे. लोकांनी आमच्यापासून मरण लपवलं, कारण आम्ही त्यांना तसं करायला लावलं." सातव्याचे सभासद आरडाओरडा करत उठले. साहेबांनी सह्यांचे कागद टेबलावर आपटले. बराच गदारोळ झाला. शेवटी मतं पडली. नळ आधी नवव्यात. खोदाई पुढच्या महिन्यात. कुलपांचा नियम तूर्त स्थगित.

हवापालटाचा परिच्छेद मी स्वतः फाडला.

थेट हिच्याकडे आलो. उशीला टेकून बसली होती. सगळं सांगितलं. तिनं तक्ता मागून घेतला आणि नवव्याच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"आपली यात आहे?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोललो. "हा गेल्या वर्षीचा. आपली या वर्षीच्या तक्त्यात येईल."

"तो कधी करणार?"

"वर्ष संपल्यावर."

"सुरू आता करा," ती म्हणाली. "आणि कुलूप निघालं की आपण तिथंच परत जायचं. नळ येईस्तोवर पाणी उकळून प्यायचं. सगळ्या इमारतीला सांगायचं तसं. मी सांगीन."

मला नाही म्हणता आलं नाही, आणि म्हणायचंही नव्हतं. मला मूल हवं होतं, जिवंत. ते मिळालं नाही. पण आता त्या गल्लीतून दुसऱ्या कुणाचं मूल मी असंच जाऊ देणार नाही.

कोरा कागद काढला. दहा ओळी आखल्या. नवव्याच्या ओळीपाशी टाक ठेवला, तेव्हा तिनं हात पुढे केला. "मला द्या."

तिच्या बोटांत अजून जोर नाही. रेघ वाकडी आली. माझ्या कुठल्याही तक्त्यात मी अशी रेघ ठेवली नसती. ही ठेवली.